आमच्या समुद्राचे वाटे

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही, असं तिसरीत बाईंनी नकाशावर पट्टी फिरवून सांगितलं, तेव्हा मी उभी राहून म्हणाले, "आहे. आमच्या गावाले आहे." बाई नवीन होत्या, नागपूरहून आलेल्या. त्यांना वाटलं वर्ग हसेल. वर्ग हसला नाही, कारण वर्गातल्या एकूण एक पोराचं तेच मत होतं. संध्याकाळी माझे बाबा बाईंना पारीवर घेऊन गेले. पार म्हणजे आमच्या तलावाचा बांध, वरून बैलगाडी जाईल एवढा रुंद. "सांगा मॅडम, पल्याडचा काठ दिसून राहिला का?" बाबांनी विचारलं. काठ चांगला दिसत होता, त्यावर चरणाऱ्या म्हशीसुद्धा दिसत होत्या. पण बाई भल्या. "नाही हो, काहीच दिसत नाही," म्हणाल्या. गावानं त्यांना त्या दिवसापासून आपलं मानलं. रिटायर होईपर्यंत त्या आमच्याकडेच राहिल्या, भूगोल मात्र सरकारी पुस्तकातलाच शिकवत राहिल्या.

तर असं आमचं गाव. अड्याळ सोडलं, एसटीनं शेवटचं वळण घेतलं, की डाव्या हाताला एकदम पाणी लागतं आणि खिडकीशी बसलेला नवखा माणूस हमखास "अरे!" म्हणतो. ते "अरे" ऐकायला आम्ही गावचे लोक मुद्दाम उजवीकडे बसतो. घरांची तोंडं सगळी पाण्याकडे. पत्ता सांगताना उजवं-डावं कोणी सांगत नाही. "पाण्याले पाठ करून सरळ जा" एवढंच सांगतात, आणि नवखा माणूस खरोखर पाठ करून उभा राहतो. डोंगे, म्हणजे आमच्या लाकडी नावा, जिथे बांधतात त्या जागेला बंदर म्हणतात. पल्याडच्या वस्तीला विलायत. दुपारचं जेवण झालं की पाण्यावरचा वारा सुटतो आणि गाव आडवं होतं. चहावालासुद्धा डोळे न उघडता गिऱ्हाइकाला सांगतो, गाळून घे गा. हिवाळ्यात बसस्टँडवर उकडलेल्या शिंगाड्यांच्या पाट्या असतात, आणि कोण किती खाऊन आलाय ते त्याच्या काळ्या बोटांवरून घरी कळतं.

मध्यंतरी पंचायतीनं पारीवर रंगीत बाकं बसवली आणि फोटो काढायला गावाच्या नावाची मोठाली इंग्रजी अक्षरं उभी केली. पहिल्याच वादळात त्यातलं एक अक्षर तलावात गेलं. पोरांनी बुड्या मारून पाहिल्या, सापडलं नाही. तेव्हापासून आमच्या सगळ्या फोटोंत गावाचं नाव अपुरं आहे. आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

तलाव कोणी बांधला यावर गावात एकमत नाही, आणि होऊही नये, नाहीतर पारीवर बसून बोलायचं काय? कोहळी, म्हणजे इथले तलाव बांधणारे शेतकरी, म्हणतात, गोंड राजाच्या शब्दावर आमच्या पूर्वजांनी बांधला. आम्ही ढीवर, म्हणजे मासे धरणारे, म्हणतो, बांधला असेल तुम्ही, पण पाण्यात उभं राहून दगड कोणी लावले? उत्तरेच्या काठावर विहार आहे. तिथले काका शांतपणे म्हणतात, माती कोणाच्या डोक्यावरून आली तेवढं आम्हाले विचारा. त्यावर मात्र कोणी काही बोलत नाही. मग मालगुजार आले, मालगुजार गेले, सरकार आलं, ठेका आला, सोसायटी आली. अड्याळच्या बाजारात आमची अजून थट्टा होते. "काय गा, भरती आली का तुमच्या समुद्राले?" असं कोणी विचारलं की आमचा माणूस टोपली खाली ठेवून म्हणतो, "आली ना. मंग हे मासे का तुया विहिरीतून आनले?"

पण आमच्या गावाचा खरा स्वभाव पाहायचा तर उन्हाळ्यात, मोठं जाळं ओढतात त्या दिवशी पाहावा. वर्षभर मासे सोसायटीचे लोक धरतात. उन्हाळ्यात पाणी कमरेइतकं उतरलं की एक दिवस ठरतो आणि त्या दिवशी जो दोराला हात लावेल त्याला वाटा. जात विचारायची नाही, शेत विचारायचं नाही. दोर ओढला का, एवढंच. मासे काठावर आले की बाबांची काकू, जिला सगळं गाव मोठी माय म्हणतं, ती ओल्या मातीवर वाटे घालते. मग जो तो आपली निशाणी सुपात टाकतो. कोणाची किल्ली, कोणाचं सदऱ्याचं बटण, कोणाचा चिंचोका, कोणाची केसाची पिन. निशाण्या वाट्यांवर ठेवायच्या त्या गावाबाहेरच्या माणसानं, कारण त्याला कोणाचं काय ते ठाऊक नसतं. एकदा तर एसटीच्या कंडक्टरला गाडी थांबवून आणला होता. ज्या वाट्यावर तुमची निशाणी पडली तो तुमचा, कुरकुर करायची नाही.

एका चुलीवर जेवणाऱ्यांच्या निशाण्या मोठी माय धाग्यानं एकत्र बांधते, म्हणजे त्या एकाच वाट्यावर पडतात, आणि त्या घरचे बाकीचे वाटे त्यातच सरकवतात. भाऊ वेगळे निघाले हे आमच्याकडे भिंतीवरून कळत नाही, सुपातल्या सुट्या निशाण्यांवरून कळतं. आणि घरात नवी सून आली की पहिल्या उन्हाळ्यात ती आपल्या बांगडीची काच सासऱ्याच्या किल्लीला बांधायला देते. ते पाहायला बायका कामं टाकून येतात.

आता यातली मला न आवडणारी गोष्ट सांगते. पोरीचं लग्न झालं की माहेरची तिची निशाणी उठते. मग तिनं त्या दोराला हात लावायचा नाही. मी लग्न होऊन गेले कुठे, तर जवाहरनगरला. नवरा फॅक्टरीत, आम्ही क्वार्टरमध्ये. तिथे सगळं छान आहे: फॅक्टरीची बस वेळेवर, भोंगा वेळेवर, नळाचं पाणीही वेळेवर. पण मोठ्या जाळ्याच्या दिवशी मी गावी येते आणि पारीवर हात बांधून उभी राहते. ज्या दोरानं माझ्या तळहाताला लहानपणी घट्टे पाडले तो दोर दुसरे ओढतात आणि मी वरून ओरडते, "डाव्या अंगाले ढील देऊन राहिले तुम्ही!" खालून उत्तर येतं, "तू पाहुनी आहेस, पाहुन्यावानी रा!" दर वर्षी येतं, दर वर्षी लागतं.

माझी धाकटी बहीण नर्स झाली आणि तिला नोकरी लागली ती थेट कोकणात, खऱ्या समुद्राच्या काठी. तिथेच तिचं जमलं. मुलगा बापाबरोबर होडीवर जाणारा, हसरा, आमच्या सगळ्यांना फोनवरच आवडलेला. अडलं होतं त्याच्या वडिलांपाशी. त्यांची थोरली सून शहरातली होती. तिला माशांचा वास सोसवेना, वर्षभरात ती नवऱ्याला घेऊन निघून गेली. आता होडीवर बापाबरोबर हा एकटाच मुलगा उरला होता.

"ताई, ते हाव म्हनत नाहीत, आन् नाही बी म्हनत नाहीत," बहीण मला फोनवर म्हणाली. "म्हनतात, पोरगी कोरड्या मुलखातली. आज नोकरी आहे म्हनून रायते. उद्या माया पोराले घेऊन जाईन."

"मंग तू काय म्हनली?"

"मी म्हनली, आमच्या गावाले बी समुद्र आहे."

"आन् ते?"

"ते म्हनाले, मग बघूया तुमचा समुद्र."

मी कपाळावर हात मारला. मोठ्या जाळ्याच्या दिवशीच येणार होते ते, मुलाला घेऊन. बहीण म्हणाली होती, बाबांना हळूच सांग. आमच्या गावात हळूच काही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी बंदरावर सभा भरली. मुलगी आमच्या घरची, पण अब्रू तलावाची होती. समुद्रावरचा माणूस उन्हाळ्यात येणार आणि त्याला कमरेइतकं पाणी दाखवायचं? शेवटी असं ठरलं की होळीपासूनच तुडूम बंद ठेवायचं. तुडूम म्हणजे पारीतलं दार, ज्यातून शेतांना पाणी सुटतं. त्या साली उन्हाळी धान लावणारे थोडेच होते, त्यांच्याकडे बोअर होती, तरी कोणीतरी भांडायला हवं होतं. कोणी भांडलं नाही. विहाराकडचे काका तर म्हणाले, "पोरीसाठी एक पानी गेलं तं गेलं."

पाणी राहिलं. मी आदल्या दिवशी गावी गेले आणि पाहतच राहिले. ऐन उन्हाळ्यात तलाव दिवाळीसारखा भरलेला. बाबा पारीवर येरझारा घालत होते, हा तलाव त्यांनीच स्वतः भरला असावा अशा चेहऱ्यानं. एवढ्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की मोठं जाळं उन्हाळ्यातच का ओढतात. माझ्याही नाही.

पाहुणे सकाळी आले. काटकुळे, उन्हानं रापलेले, पांढरा सदरा, पायात साध्या चपला. बोलणं जवळजवळ नाहीच. मुलगा पिशव्या सांभाळत मागून. रजा काढून आधीच आलेली माझी बहीण केस वर बांधून दोराजवळ उभी होती, तिनं लांबूनच नमस्कार केला. बाबा त्यांना पारीवर घेऊन गेले. तलाव दाखवला, बंदर दाखवलं, विलायत दाखवली. पाहुणे प्रत्येक वेळी नुसते "हं" म्हणाले. मग बाबांनी तो ठेवणीतला प्रश्न काढला.

"सांगा पाहुने, पल्याडचा काठ दिसून राहिला का?"

त्यांनी डोळे बारीक केले. "दिसतो की," म्हणाले. "म्हशीपण दिसतात."

बाबांचा चेहरा पाहवेना. मी पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहिलं, हसू आवरत नव्हतं आणि भीतीही वाटत होती. माझ्या बहिणीचं सगळं सुख त्या एका माणसाच्या "हं"वर लटकलं होतं.

जाळं पडलं. दोर ओढायला अर्धं गाव उतरलं. एरवी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून जाळ्याची खालची कड पायानं दाबत यायचं असतं. यंदा पाणी माझ्या बहिणीच्या गळ्याला लागलं आणि तिच्या पुढचे दोघे तर पोहायलाच लागले. पाहुणे पारीवर माझ्या शेजारी उभे होते. थोडा वेळ त्यांनी पाहिलं.

"जाळं खाली लागत नाही," ते हळूच म्हणाले.

त्यांनी सदरा काढून माझ्या हातात दिला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, ज्याचा काही उपयोग नव्हता, आणि सरळ पाण्यात शिरले. माझ्या बहिणीच्या मागे जाऊन त्यांनी दोर धरला. ती एकदा वळून पाहून म्हणाली, "काका, पायाखाली गाद आहे, पाय रुततील, जपून." मग त्यांचा आणि तिचा हात एका लयीत पडायला लागला. मुलगाही मागोमाग उतरला. मला त्या क्षणी तो सदरा फेकून उडी मारावीशी वाटली.

जाळं काठावर आलं. त्यात शेवाळ होतं, कमळाच्या वेलींचा भारा होता, एक चप्पल होती, आणि पंचायतीचं ते हरवलेलं इंग्रजी अक्षर होतं, रंगासकट. मासे म्हणाल तर थोडे रोहू, तेही लहान, एखाद-दोन मरळ आणि ओंजळभर झिंगे. बाकी सगळे आमच्या भरलेल्या समुद्रात मजेत राहिले.

पाहुण्यांनी अंगावरचं शेवाळ काढलं आणि बाबांना विचारलं, "उन्हाळ्यात इतकं पाणी असतं इथे?"

बाबा मातीकडे पाहत राहिले. बहीण पुढे आली. ओली, चिखलानं माखलेली, आणि ताठ.

"नाही," ती म्हणाली. "कमरेइतकं असतं. तुम्हाला दाखवायचं म्हणून होळीपासून पाणी अडवून ठेवलं सगळ्यांनी. म्हणून मासे गेले."

"माझ्यासाठी?"

"हो."

त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग गावाकडे, मग त्या अक्षराकडे. आणि हसले. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग डोळे पुसावे लागले. मुलगा बापाकडे असा पाहत होता की हा आवाज त्यानं बऱ्याच दिवसांत ऐकला नसावा. ते हसले तसं गावही हसायला लागलं. बाबांना मात्र हसावं की नाही ते ठरवता येईना.

"हसनं झालं असन तं वाटे घालू द्या," मोठी माय म्हणाली. ओंजळभर मासे असोत की गाडाभर, वाटे पडलेच पाहिजेत. ती खाली बसली आणि त्या एवढ्याशा माशांचे वाटे लावायला लागली. इथला झिंगा उचलून तिथे, तिथला इथे. पाहुणे तिच्या समोर उकिडवे बसले आणि एकटक पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे रापण ओढायचे. सगळा गाव वाळूवरून एकच जाळं ओढायचा. असेच वाटे घालायचे. मी पोरगा होतो तेव्हा. आता मोठ्या बोटी आल्या, रापण कोण ओढतो?" त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं ते.

बाबांना तेवढं पुरे झालं. त्यांनी वाट्यांचे सगळे नियम पाहुण्यांना समजावून सांगितले: निशाणी कशी टाकायची, एका चुलीच्या कशा बांधायच्या, नवी सून काच कशी देते, गेलेल्या पोरीची कशी उठते. शेवटचा नियम सांगताना माझ्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं. सूप फिरलं. बहिणीनं हिरव्या बांगडीची काच टाकली. लहानपणापासून ती तेच टाकते; नोकरीमुळे तिची चूल वेगळी झाली, म्हणून आता ती काच सुटीच असते. "पाहुने, तुमी बी दोर ओढला," मोठी माय म्हणाली, "टाका तुमची निशानी. आन् ठेवाचं काम बी तुमालेच." त्यांनी खिशात हात घातला आणि जाळ्याला लावतात तो शिशाचा गोळा काढला. कोकणातून भंडाऱ्यापर्यंत तो खिशातच आला होता. मुलानं टाकलं सदऱ्याचं बटण.

पाहुणे निशाण्या ठेवत गेले. सूप रिकामं होत आलं. शेवटी त्यात शिसं, बटण आणि ती हिरवी काच उरली, आणि वाटेही तितकेच उरले. त्यांनी शिसं एका वाट्यावर ठेवलं. बटण त्याच्याच शेजारी ठेवलं. बापलेक एका चुलीचे, ठीकच होतं. मग काच उचलली. मागे-पुढे काही न पाहता तीही त्याच वाट्यावर, शिशाला टेकवून ठेवली.

बायका पाहत होत्या. त्यांना सांगायला लागलं नाही. एकीनं दुसरीचा दंड धरला. माझी बहीण तोंडावर हात ठेवून उभी राहिली. फक्त बाबांचा विश्वास बसेना.

"म्हनजे, पाहुने... हाव का?"

पाहुण्यांनी मान वर करून पाण्याकडे पाहिलं. म्हशी होत्या तिथेच होत्या.

"पल्याडचो काठ काय दिसणा नाय हां," ते म्हणाले.

"इवाई!" बाबा ओरडले आणि चिखलातच त्यांना मिठी मारली. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. ती हाक विलायतेपर्यंत गेली असेल. कोणीतरी ते इंग्रजी अक्षर डोक्यावर घेऊन नाचायला लागलं. मला इतका आनंद झाला की मी हातातल्या पाहुण्यांच्या सदऱ्यालाच डोळे पुसले.

गोंधळ थोडा ओसरला तेव्हा मोठी माय अजून तिथेच बसलेली दिसली. पाहुण्यांच्या वाट्यात मुलाचा आणि बहिणीचा असे उरलेले दोन्ही वाटे तिनं सरकवून घातले असते तर हिशेब सरळ होता. तिनं मुलाचा तेवढा सरकवला. दुसरा, बहिणीचा, काहीच निशाणी नसलेला, तसाच मोकळा राहू दिला. एक लहानसा रोहू आणि चिमूटभर झिंगे.

"तो बी तिकडे दे ना मोठी माय," बाबा म्हणाले. "पोरगी आता तिकडली झाली. निशानी उठली तिची."

"कोन उठवते?" मोठी माय म्हणाली. "आजवर उठवली, कारन कोनी इचारलं नाही. हे पोरगी गळ्याइतक्या पान्यात दोर धरून होती. तिच्यासाठी गावानं पानी थांबवलं. तिकडे वाटा भेटला म्हनून इकडचा कायले जाईन?" आणि बहिणीला म्हणाली, "आन वो काच. दुसरी बांगडी फोड."

बहिणीनं दुसरी बांगडी फोडली आणि काच त्या मोकळ्या वाट्यावर ठेवली. ठेवली आणि रडायला लागली. लग्न ठरलं तेव्हा रडली नव्हती.

मग मात्र मला राहवलं नाही. इतकी वर्षं पारीवर उभं राहून गिळलेलं सगळं वर आलं. "आन् मायी?" मी म्हणाले. "मी तं जवाहरनगरलेच आहो, एवढ्या जवळ! दर साली येऊन उभी रायतो. मायी काहून उठवली?"

मोठ्या मायनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू काई दोर ओढला नाही आज," म्हणाली. "नुसती चिल्लावत होती." सगळे पुन्हा हसले. मग तिनं हात पुढे केला. "आन इकडे. दोघी बहिनी, एकच वाटा. पुढच्या साली पान्यात उतर, मंग आपला वेगळा घे."

माझ्या हातात त्या दिवशी जवाहरनगरच्या बाजारातल्या प्लास्टिकच्या बांगड्या होत्या, त्या काही फुटेनात. शेवटी मी क्वार्टरची किल्ली काढली आणि बहिणीच्या काचेशेजारी ठेवली. रोहू लहान होता, पण दोघींना पुरला.